जादाची दोरी

दाराजवळच्या किल्ल्यांच्या खिळ्याला तीन आठवडे धनुष्याची एक स्ट्रिंग, म्हणजे दोरी, लटकत होती. निळी-पांढरी, आठाच्या आकड्यासारखी गुंडाळलेली, आणि सुटू नये म्हणून तिच्यावर केसांचं एक काळं रबर चढवलेलं. रबर आमचं नाही. ज्या मुलीने ही स्ट्रिंग मला परत केली, तिचं आहे. घरात येता-जाता ती दिसायची आणि दर वेळी मी ठरवायचे की आज ही पेटीत ठेवून द्यायची. मग हात शेजारची स्कूटरची किल्ली उचलायचा आणि स्ट्रिंग तिथेच राहायची.

डिसेंबरातली रविवारची सकाळ होती, निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर येतो त्या दिवसांतली. पंचवटीच्या बाजूच्या मैदानावर धनुर्विद्येची निवड चाचणी होती. 18 वर्षांखालच्या मुली, रिकर्व्ह म्हणजे बाहेर वळलेल्या टोकांचं बिनचाकी धनुष्य, 60 मीटर. गवतावर इतकं दव की कॅनव्हासचे बूट पहिल्या दहा पावलांतच ओले झाले. मुली हातांवर फुंकर घालत होत्या, बोटं काखेत दाबून धरत होत्या. गारठलेल्या बोटांना दोरीचा ताण नीट कळत नाही, आणि तो कळला नाही की बाण सुटतानाच बिघडतो. माझी लेक सरावाचे बाण मारून परत आली तेव्हा शेजारच्या टार्गेटवरची मुलगी धनुष्य मांडीवर आडवं घेऊन बसली होती. सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेतली. तिच्या स्ट्रिंगच्या खालच्या फासाजवळ दोन-तीन धागे तुटून पिंजले होते. अशी दोरी भर ताणात तुटली तर बाणात जायची ताकद उलटी लिंबमध्ये, म्हणजे धनुष्याच्या पात्यात, जाते, लिंब चिरतो, आणि ते धनुष्य तिचं एकटीचं नव्हतं. शाळेतल्या तिघी मुली एकच धनुष्य वापरत होत्या. तिच्या सरांनी वाकून पाहिलं, मान हलवली. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणाकडे काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं.

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी पेटी उघडली.

"कितीचं आहे?" मी विचारलं. "सहासष्ट इंची," सर म्हणाले. आमचंही तेवढंच. मी स्ट्रिंग काढून दिली, त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. "फार उपकार झाले, मॅडम." मी म्हटलं, अहो उपकार कसले. आणि मी चहा घ्यायला निघून गेले. आता यात मनाला लागून राहण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही त्या दिवशी दुपारपर्यंत तसंच वाटत होतं, थोडंसं छानच वाटत होतं खरं तर.

आमच्या पेटीबद्दल सांगायला हवं. लेक बाण मारते, पण पेटी माझी आहे. ती आठवीत असताना हे सुरू झालं, आणि पहिल्याच स्पर्धेत तिच्या क्लिकरचा स्क्रू गवतात पडला. क्लिकर म्हणजे पत्र्याची एक पातळ पट्टी. बाण पुरता मागे ओढला गेला की ती टक् करून सुटते आणि त्या आवाजावर हात सोडायचा. तो टक् आला नाही तर मुलीला कळतच नाही कधी सोडायचं ते. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून ज्वारीच्या दाण्याएवढा स्क्रू शोधत होतो आणि तिकडे भोंगा वाजत होता. सहा बाणांना तेव्हा चार मिनिटं मिळायची. कुणी थांबत नाही, थांबावं तरी का. त्या दिवसानंतर मी पेटी करायला घेतली. दोन क्लिकर, चार स्क्रू. चिकटवायचे ॲरो रेस्ट, बाण टेकवायला, तीन. बाणाला बाजूने टेकण देणाऱ्या प्लंजरची स्प्रिंग. नॉकची, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकावरच्या खाचेची, डबी, पिसांची डबी, दुहेरी टेप. बोटांवरचा चामडी टॅब, एक वापरातला आणि एक वापरून मऊ झालेला. ॲलन कीचे दोन संच, कारण एक संच कायम कुणीतरी मागून नेतं. मेण, दात साफ करायचा फ्लॉस, लायटर. फ्लॉसचं नवख्यांना आश्चर्य वाटतं. बाणाची नॉक दोरीवर नेमकी कुठे बसवायची ती खूण आम्ही फ्लॉसच्या गाठींनी बांधतो आणि टोकं लायटरने वितळवतो. आणि दोन जादा स्ट्रिंग.

हे सगळं फोममध्ये खाचा कापून बसवलेलं आहे, प्रत्येक वस्तूची तिच्या आकाराची खाच. ही कल्पना माझी नाही, बाबांची. बाबा ओझरला एचएएलमध्ये होते. मिग विमानं जोडायच्या शॉपमध्ये त्यांची सारी नोकरी गेली. तिथे भिंतीवर हत्यारांचे फळे असायचे, प्रत्येक पान्याच्या मागे त्याचीच आकृती रंगवलेली. पाळी संपताना फळ्याकडे एक नजर टाकली की कुठली आकृती उघडी आहे ते दिसतं. एक स्क्रूड्रायव्हर जागेवर नसेल तर तो सापडेपर्यंत विमान हलायचं नाही, कारण तो विमानाच्या पोटात राहिलेला असू शकतो. बाबा घरीही तसेच. आमच्या स्वयंपाकघरात सांडशीची आकृती पेन्सिलने काढलेली होती, आणि आई तिच्यावर मुद्दाम गाळणं अडकवायची. मिग-21 ला एकच इंजिन, पण हायड्रॉलिक यंत्रणा दोन, हे मी तिसरीत असल्यापासून ऐकत आले. एक गेली तरी दुसरीवर वैमानिक घरी यावा. बाबा हे विमानाबद्दल सांगत नसून माणसाबद्दल सांगताहेत असं मला वाटायचं. घरी यावा, हा शब्द ते जरा थांबून उच्चारत.

तरीही आमच्या स्कूटरची स्टेपनी एकदा पंक्चर निघाली होती. त्या गोष्टीकडे मी येते.

आधी मामेभावाचं. तो वीसेक वर्षांपूर्वी नाशिक रोडहून निघाला आणि फिरत फिरत अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थिरावला. तिथे त्याला कामावरच्या एका मित्राने धनुष्याने शिकार करायला शिकवलं. हे तो मामीला सांगत नाही. मला सांगतो, कारण लेकीच्या धनुष्याचे फोटो मी त्याला पाठवते. त्यांच्याकडे हरणांचा धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो आणि पार जानेवारीपर्यंत चालतो. परवाना काढायचा, किती हरणं मारायची त्यालाही हिशेब. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दार बंद करायला घेतलं. योगायोग असा की त्याच 1972 मध्ये म्युनिकला धनुर्विद्या ऑलिंपिकमध्ये परत आली, 1920 नंतर पहिल्यांदा. एका बाजूने बाण रानातून बाहेर आला आणि दुसऱ्या बाजूने कागदाच्या टार्गेटवर गेला, असं मी लेकीला सांगते. बरं झालं असंच मला वाटतं. भाऊ हरणाचा फोटो पाठवतो तेव्हा मी तो मोठा करून बघत नाही.

पण जादाच्या सामानाबद्दल त्याच्याइतकं खोलात बोलणारं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही. तो चार तास गाडी चालवून रानात जातो, पहाटे अंधारात झाडावर बांधलेल्या मचाणावर चढतो आणि धनुष्य मागून दोरीने वर ओढून घेतो. त्याचं धनुष्य कंपाउंड, चाकांचं. त्याची दोरी तुटली तर आपल्या रिकर्व्हसारखी पायात धरून दुसरी चढवता येत नाही. लिंब दाबून धरायला प्रेस लागतो, आणि प्रेस दुकानात असतो. म्हणून तो जादा दोरी नेत नाही, जादा धनुष्यच नेतो. ते गाडीत ठेवलेलं असतं. मनगटाला बांधायचा रिलीज असतो, दोरी सोडायचा खटका. तो दोन, एक मनगटावर, एक बॅगेत, कारण तो घरी राहिला तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. धारेच्या बाणाग्रांची डबी वेगळी. एका वर्षी दगडावरून घसरून त्याच्या धनुष्याची साइट, नेम धरायचं साधन, वाकली. तो चालत गाडीपर्यंत गेला, दुसरं धनुष्य काढलं. मी म्हटलं, म्हणजे तुझं काम झालं. तो म्हणाला, "नाही ना ताई. त्या दुसऱ्या धनुष्यावर मी उन्हाळाभर एकही बाण मारला नव्हता."

त्याने गाडीतल्या फोमच्या ठोकळ्यावर वीस यार्डांवरून तीन बाण मारून पाहिले. तिन्ही वीतभर डावीकडे. दुरुस्त करायला उजेड उरला नव्हता. तो रिकाम्या हाताने परत आला. "इथे वीतभर डावीकडे म्हणजे लालऐवजी निळ्यात, असं नसतं," तो म्हणाला. "इथे वीतभर डावीकडे म्हणजे ते जनावर पोटात बाण घेऊन रात्रभर फिरणार." आता तो दोन्ही धनुष्यांवर तेच बाण, तेच वजन ठेवतो आणि दर शनिवारी दुसऱ्या धनुष्यावरही पहिल्याइतकेच बाण मारतो. पूर्वी नुसतं सोबत नेत होतो, म्हणाला. शिकारीबद्दल माझं मन अजूनही दोन्हीकडे आहे, पण त्या संध्याकाळी तो रिकाम्या हाताने परत आला, हे मला त्याच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त आवडलं.

पंचवटीत वाढलेल्या माणसाला धनुष्य आणि हरीण ही जोडी शिकवावी लागत नाही. सीतागुंफेच्या रांगेत आजीचा पदर धरून उभी असताना मी मारीचाची गोष्ट ऐकली. हरणाच्या मागे जाणाऱ्या रामाची मला कायम भीती वाटायची, की हा परत येईतो इकडे सगळं होऊन गेलेलं असणार. पुढे कळलं की पंचवटीत येण्याआधी अगस्त्य ऋषींनी रामाला धनुष्य दिलं आणि बाण कधीच न संपणारे भाते दिले. अर्जुनाच्या गांडिवाबरोबरही अक्षय भाते येतात. आपल्या जुन्या लोकांना सामान संपण्याची धास्ती चांगली ठाऊक असली पाहिजे, नाहीतर न संपणारा भाता हे वरदान कुणाला सुचलं नसतं. पण त्यांतला एक तपशील मला भात्यांपेक्षा खरा वाटतो. कर्णपर्वात कर्ण अर्जुनाच्या धनुष्याची दोरी तोडतो. अर्जुन दुसरी चढवतो. कर्ण तीही तोडतो. मग तिसरी, चौथी, एकामागून एक. अर्जुनाजवळ शंभर दोऱ्या आहेत हे कर्णाला माहीतच नसतं.

कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी कर्णाच्या बाजूने चिडले होते. एवढ्या नेमाने दोरी तोडणारा माणूस, आणि समोरच्याकडे शंभर. आता पेटी भरायला लागल्यापासून मला वेगळंच दिसतं. त्या शंभर दोऱ्या कुणीतरी वळल्या असतील. त्यांना मेण, तेल जे काय ते लावलं असेल. प्रत्येक चढवून, ताणून, उतरवून ठेवली असेल. कारण लढाई सुरू असताना चढवलेली दोरी पहिल्या बाणापासून पहिल्या दोरीसारखी चालायची असेल तर ती आधी ताण खाल्लेली असावी लागते. अज्ञातवासात जाताना पांडव शमीच्या झाडावर शस्त्रं ठेवतात तेव्हा आधी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवतात. आम्हीही दर संध्याकाळी उतरवतो. दसऱ्याला लेकीच्या धनुष्यावर झेंडूचं फूल ठेवताना मी पेटीतल्या दोन्ही स्ट्रिंगवरही हळद-कुंकू वाहते.

नवीन स्ट्रिंगची गोष्ट इथे नीट सांगते. दुकानातून आलेली दोरी म्हणजे दोरी नव्हे, दोऱ्याचा कच्चा पेड. तिला पीळ द्यायचा, वीस, पंचवीस, तीस, आणि धनुष्यावर चढवून पकडीपासून दोरीपर्यंतचं अंतर इंच-सुतांत मोजायचं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याला ब्रेस हाइट म्हणतात. सहासष्ट इंची धनुष्याला ते सव्वाआठ ते पावणेनऊ इंचांत कुठेतरी येतं, आणि त्यातला प्रत्येक धनुष्याचा आपला एक आकडा असतो, तिथे त्याचा आवाज मऊ होतो. आकडा जमला तरी काम होत नाही. पहिल्या शंभर-दीडशे बाणांत फासांवरचे धागे बसतात, पीळ सैलावतो, दोरी केसाकेसाने लांबते. ब्रेस हाइट उतरते, नॉकची खूण हलते, बाण पांगायला लागतात. मुलीला वाटतं आपला हात बिघडला. म्हणून जादा स्ट्रिंग आधी दोनशे बाण मारून बसवायची, खूण बांधायची, आणि मग पाकिटावर तारीख घालून ठेवायची. आमच्या पेटीत अशी एक असते. मैदानावर तिला आम्ही लागलेली म्हणतो. आणि दुसरी, तिच्यानंतरची, अजून पाकिटातली.

स्टेपनीची गोष्ट मी पाचवीत असतानाची. आम्ही चौघं चेतकवर वणीच्या गडावरून परत येत होतो. मी पुढे उभी, आई मागे, धाकटा भाऊ दोघांच्या मध्ये. दिंडोरीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बाबांनी सराईत हातांनी स्टेपनी काढली, चढवली, स्कूटर स्टँडवरून उतरवली आणि चाक पुन्हा जमिनीला टेकलं. स्टेपनीत हवाच नव्हती. पान्यांच्या आकृत्या काढणारे बाबा चाकाकडे बघत उभे राहिले. त्यांचं ते गप्प उभं राहणं मला आजही दिसतं. कडेला द्राक्षाच्या बागा, फवारणीचा वास, आणि आईने भावाच्या कानांवरून ओढून घेतलेला पदर. अंधार पडायला आला होता. एक माणूस चेतकवरूनच नाशिककडून गडाकडे चालला होता, एकटा. थांबला, पाहिलं, आणि आपली स्टेपनी काढायला लागला. बाबा म्हणाले, अहो पण तुम्हाला पुढे घाटात लागली तर? तो म्हणाला, तुमच्याबरोबर पोरं आहेत. चाक लावून झाल्यावर त्याने अंगठ्याने टायर दाबून पाहिला, आणि खिशातून हवा मोजायची नळी काढून तीही लावून पाहिली. ते मला फार लख्ख आठवतं. दिलेली वस्तू चालणारी आहे याची त्याने आमच्यादेखत खात्री करून घेतली, आणि मग आमची बसलेली स्टेपनी आपल्या स्कूटरला लावून तो गडाकडे गेला. पुढच्या रविवारी बाबा त्याचं चाक परत द्यायला गेले ते चिवड्याची दोन किलोची पिशवी घेऊन.

त्यानंतर बाबा दर पंधरवड्याला स्टेपनी पुढच्या चाकाला आणि पुढचं चाक स्टेपनीला लावायचे. चेतकची चाकं सारखीच असल्याने ते जमायचं. मी विचारलं तर म्हणाले, जे वापरात नाही त्याचं दुखणं कळत नाही.

चाचणीच्या दिवशी मैदानावरून परत येताना लेक स्कूटरवर मागे बसली होती. धनुष्याची बॅग तिच्या पाठीला, पेटी आमच्या दोघींच्या मध्ये. तिची निवड झाली होती, यादीत अगदी शेवटचं नाव. आश्रमशाळेतली मुलगी दोन नावं खाली. मी आनंदात होते, होळकर पुलावर नदीचं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं, आणि मी काहीतरी बोलत होते, जेवायला बाहेर जाऊ वगैरे. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"आई, तू तिला नवी का दिलीस?"

मी म्हटलं, अगं, दिली ना. नाहीतर ती खेळली नसती. ती म्हणाली, हो, ते बरोबर आहे. आणि तिने पुढे काहीच विचारलं नाही, यातच सगळं आलं.

मी पेटी उघडली तेव्हा दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी होती. तारीख घातलेलं आणि कोरं. माझा हात आधी तारखेच्या पाकिटावर गेला होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बोटं तिथे टेकली आणि तिथून सरकून शेजारच्या पाकिटावर आली. त्या सरकण्याला क्षणसुद्धा लागला नसेल, पण माझ्या मनात पूर्ण वाक्य होतं: आपल्याला लागली तर? आणि आपल्याला लागली नाही. लागलेली स्ट्रिंग जशी गेली तशीच घरी आली. कोऱ्या स्ट्रिंगवर सरांनी घाईघाईत पीळ दिला, खूण बांधायला फ्लॉस माझ्याकडूनच नेला. सरावाचे फार तर सहा बाण तिला मारता आले आणि मोजणी सुरू झाली. 72 बाण. मी चहाचा कप घेऊन बसले होते आणि मला दिसत होतं की ती दर दोन फेऱ्यांनंतर धनुष्य उतरवते, दोरीला आणखी दोन-तीन पीळ देते, परत चढवते, आणि दप्तरातली लाकडी फूटपट्टी पकडीला लावून बघते. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, हुशार आहे पोरगी. म्हणजे काय होतंय ते मला कळत होतं. पहिल्या फेऱ्यांत तिचे बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्याच्या आसपास होते. नंतर त्याबाहेरचं लाल, त्याहून बाहेरचं निळं, मध्येच एखादं पिवळं, परत निळं. शेवटच्या तीन फेऱ्यांत ते पुन्हा जुळायला लागले. तोवर दोरी बरीचशी बसली असणार.

त्या स्ट्रिंगमुळे तिचं नाव यादीत आलं नाही असं मी म्हणू शकत नाही. बाण चुकायला हजार कारणं असतात. थंडी, रात्रीचा एसटीचा प्रवास, तिघींत मिळून एक धनुष्य म्हणजे सराव तिसरा हिस्सा. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी जागतिक विजेतेपदं आणली, तेव्हापासून आमच्या मैदानावर पालकांची गर्दी वाढली आहे, आणि आम्ही सगळे पालक सामानाबद्दल फार बोलतो, दीड-दीड लाखाच्या गोष्टी बोलतो. तीरकामठा जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरात होता, त्या पेठ-सुरगाण्याकडची मुलं आमच्याशेजारी येऊन उभी राहतात ती एक धनुष्य आणि एक दोरी घेऊन. त्यांच्या सामानात जादा असं काही नसतं. जादा म्हणजे शेजारच्या माणसाची पेटी. आणि शेजारी त्या दिवशी मी होते.

बक्षिसं वगैरे झाल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली होती. धनुष्य उतरवून बॅगेत गेलेलं, केस मोकळे सुटलेले. "मॅडम, तुमची दोरी." मी म्हटलं, राहू दे गं तुला. ती म्हणाली, "सर म्हणले परत द्यायची." आणि गुंडाळून, केसांचं रबर लावून नीट केलेली ती स्ट्रिंग तिने माझ्या हातावर ठेवली. रबर काढून द्यायचं माझ्या लक्षातच आलं नाही. शाळेची गाडी सुटायची होती, ती पळाली.

गेल्या शनिवारी मी ती स्ट्रिंग खिळ्यावरून काढली. लेकीला काही बोलले नाही, नुसती तिच्या हातात दिली. तिने आपली स्ट्रिंग उतरवली, ही चढवली, आणि शनिवार-रविवार मिळून एकशे ऐंशी बाण मारले. मी मागे खुर्ची टाकून मोजत बसले. दोरीवर आता 72 आणि 180 झाले. शेवटच्या साठ बाणांत ती तसूभरही हलली नाही. आवाज मऊ होता. घरी येऊन तिला मेण लावलं, परत तेच काळं रबर चढवलं आणि सरांना फोन लावला. त्यांचा नंबर चाचणीच्या नोंदीच्या कागदावर होता. मी म्हटलं, स्ट्रिंग पाठवते आहे, आता लागलेली आहे, पण खूण तुमच्या धनुष्याच्या मापाने बांधलेली बरी, आणि पीळही त्याच मापाने देऊन ठेवते. तुमची ब्रेस हाइट किती ठेवता? सर म्हणाले, थांबा, तिलाच विचारतो, मला मेलं नक्की लक्षात राहत नाही. फोन हातात धरून ते चालत गेल्याचा आवाज आला, पटांगणावर पोरांचा गलका, कुठेतरी हापश्याचा दांडा करकरत होता. त्यांनी हाक मारली. तिचा आवाज लांबून आला, पण एकेक शब्द कळला.

"साडेआठाला एक सूत कमी," ती म्हणाली. "त्या दिवशीच्या दोरीला तीन सूत उतरत होतं."

मी पाकिटावर लिहून घेतलं.